पांढरा फायटर निळा झाला: वाढत्या वयात बदलणारे रंग आणि पर

केतकीबन (धागाकर्ती)

गेल्या दसऱ्याला मी पुण्यातल्या एका दुकानातून फायटर मासा आणला. घोटभर पाण्याच्या प्लास्टिकच्या पेल्यात तो ठेवलेला होता. अंग दुधासारखे पांढरे, पाठीवर शाईचे पेन झटकल्यावर उडावेत तसे दोन निळे शिंतोडे आणि शेपटीच्या मुळाशी डाळिंबाच्या दाण्याएवढा नारिंगी ठिपका होता. ‘कोई’ प्रकारचा म्हणून दुकानदाराने साध्या लाल फायटरच्या चौपट पैसे घेतले आणि मीही ते त्या पांढऱ्या रंगापायीच दिले.

दिवाळीपर्यंत ते दोन शिंतोडे पसरून एकमेकांना मिळाले. संक्रांतीला डोक्याची डावी बाजू काळसर झाली आणि आज, होळी तोंडावर आलेली असताना, पोटाखालची एक अरुंद पट्टी सोडली तर मासा सर्वांगाने निळा आहे. नारिंगी ठिपका नाहीसाच झाला. शेपटी मात्र आणली तेव्हा होती त्याच्या दीडपट भरली आहे. टाकी पंचवीस लिटरची असून तिला स्पंजचा फिल्टर आहे, मी दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलते आणि माशाचे खाणेपिणे व्यवस्थित आहे. दुकानात जाऊन विचारले तेव्हा ‘पाणी बदललं की रंग बदलतो’ एवढेच उत्तर मिळाले. सासूबाईंचे म्हणणे असे की मासा आजारी आहे. मुलाला संशय आहे की जुना मासा मेला आणि मी गुपचूप दुसरा आणून ठेवला.

मला विचारायचे ते असे: दुकानदाराने मासा रंगवून विकला होता का, हा आजार आहे का, आणि वयामुळे असे होत असेल तर ते कुठे थांबते?

शिंगाडा

फसवणूक झाली आहे, दुसरे काय! रंगाची सुई टोचून मासे विकतात हे जगजाहीर आहे. पैसे परत मागावेत.

पाणकणीस

शिंगाडा, तुम्ही म्हणता तो प्रकार खरा आहे, परंतु तो प्रामुख्याने पारदर्शक काचमाशांच्या बाबतीत झाला. त्यांच्या अंगात टोचलेला भडक रंग काही महिन्यांत ओसरत जातो. तो पसरत नाही आणि दिवसेंदिवस गडद तर मुळीच होत नाही. इथे नेमके उलट घडले आहे. पांढरा रंग चढवलेला असता तर त्याखालून निळा मासा एकदम उघडा पडला असता, ठिपक्या-ठिपक्याने पाच महिने सरकत आला नसता.

केतकीबन, तुमचा मासा आजारी नाही आणि कोणी बदललेलाही नाही. तुम्ही मार्बल, म्हणजे अंगावर संगमरवरासारखे रंगांचे डाग असलेला, फायटर घेतला आणि तो मोठा झाला, इतकेच. ‘कोई’, ‘निमो’, ‘गॅलेक्सी’ ही बाजारातली नावे आहेत. मुळात ते सगळे मार्बलच असतात. दुकानदाराने रंगवले नसले तरी रंग बदलू शकतो हे त्याने विकतानाच सांगायला हवे होते, एवढा दोष मात्र त्याच्याकडे राहतो.

मी डोंबिवलीत घराच्या गॅलरीत गेली अकरा वर्षे फायटरांची पैदास करतो आहे. म्हणून जरा जन्मापासून सांगतो, कारण दुकानात आपल्याला मासा दिसतो तो त्याच्या आयुष्यातल्या मधल्याच एखाद्या दिवशी.

नराने बुडबुड्यांचे घरटे बांधल्यावर त्यातली अंडी २७–२८ अंशांच्या पाण्यात एक ते दोन दिवसांत फुटतात. पिल्ले स्वल्पविरामाएवढी असतात आणि शेपटी खाली करून घरट्याला लोंबकळतात. एखादे निसटून तळाकडे जाऊ लागले की बाप ते तोंडात धरून पुन्हा वर नेऊन चिकटवतो. आणखी दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली की बापाला बाहेर काढावे लागते. या वेळी रंग म्हणून काही नसतोच. दोन काळे डोळे आणि त्यांच्या मागे काचेची बारीक काडी दिसते. पिल्लांनी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) खाल्ले की पोट नारिंगी दिसते. माझ्या पहिल्या खेपेला मी तेच पाहून ‘सगळी पिल्ले केशरी निघाली’ असे मित्राला फोन करून सांगितले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उपाशीपोटी पुन्हा काचेची झालेली होती.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवेतला प्राणवायू घेणारे इंद्रिय तयार होऊ लागते. तेव्हापासून पिल्ले वर येऊन हवेचा घोट घेतात आणि म्हणून टबावरचे झाकण या काळात काढत नाहीत. वरची हवा गार लागली तर पिल्ले दगावतात. रंगाची पहिली चाहूल पाचव्या-सहाव्या आठवड्यात लागते, तीही मातकट अंगावरच्या आडव्या गडद पट्ट्यांच्या रूपाने. पुढे लाल होणारे, निळे होणारे आणि काळे होणारे मासे या वयात एकसारखेच मळकट दिसतात. त्यानंतर पंख्याच्या काड्यांसारखी पराची एकेक अरी रंगत जाते आणि खवल्यांवर चमक उतरते. दोन-तीन महिन्यांचे झाले की नर कल्ल्यांची झाकणे फुलवून एकमेकांच्या अंगावर जाऊ लागतात आणि मला घरातल्या लोणच्याच्या बरण्या पळवाव्या लागतात.

रंगाचे म्हणाल तर फायटरच्या कातडीत तो एकच एक थर नसतो. पिवळा, लाल आणि काळा असे रंगद्रव्यांचे थर असतात आणि त्यांच्या जोडीला चमकीचा थर असतो. निळा किंवा हिरवा फायटर ज्यामुळे तसा दिसतो ते निळे द्रव्य नसून पेशींतले ग्वानिनचे स्फटिक असतात, त्यांच्यावरून प्रकाश परावर्तित होऊन तो रंग दिसतो. म्हणूनच खिडकीतल्या उन्हात निळसर दिसणारा मासा रात्री ट्यूबलाइटखाली हिरवट वाटतो. हे थर एकाच वेळी पुरे होत नाहीत. चमकीचा थर तर मासा वर्षाचा होईपर्यंत दाट होत राहिलेला मी पाहिला आहे.

मार्बलची गोष्ट याहून वेगळी आहे. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या तुरुंगात ऑर्व्हिल गली नावाचा एक कैदी बरण्यांत फायटर वाढवत असे. काळ्या रंगाची ‘फुलपाखरी’ जात (परांच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी असलेली) तयार करायच्या खटपटीत त्याच्याकडे हे ठिपक्यांचे मासे निपजले आणि तिथून ते जगभर गेले. त्यांच्या रंगाचे स्पष्टीकरण सहसा ‘उड्या मारणाऱ्या जनुका’ने दिले जाते. मक्याच्या कणसातले रंगीबेरंगी दाणे पाहून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी अशा जनुकांचा शोध लावला आणि त्याबद्दल त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. साध्या भाषेत सांगायचे तर दिव्याच्या बटणावर कोणीतरी बोट ठेवून बसले आहे असे समजा. ते बोट एखाद्या पेशीत उचलले गेले की तिथला दिवा लागतो आणि त्या पेशीपासून पुढे तयार होणाऱ्या सगळ्या पेशींत तो लागलेलाच राहतो. तुमच्या माशाच्या पाठीवरचे शिंतोडे फुटले आणि पसरले ते असे. कधी बोट नव्याने पडते आणि रंग जातो. तुमचा नारिंगी ठिपका बहुधा तसाच गेला, किंवा वर आलेल्या निळ्याखाली झाकला गेला.

आता तुमचा तिसरा प्रश्न. साधा लाल किंवा मोरपंखी फायटर सात-आठ महिन्यांचा झाला की त्याचा रंग जवळजवळ ठरलेला असतो. मार्बलला असा मुक्काम नसतो. काही मासे चार महिन्यांत पूर्ण बदलून मग वर्षभर तसेच राहतात. काही मरेपर्यंत बदलत राहतात आणि माझ्याकडचा एक तर निळा होऊन पुन्हा अर्धा पांढरा झाला होता.

केतकीबन

पाणकणीस, इतक्या सविस्तर उत्तरासाठी मनापासून आभार. मुलाला वाचून दाखवले, आता तो बरण्या मागतो आहे. एक राहिलेच: शेपटी वाढली, परंतु ती थोडी खालीही झुकू लागली आहे. हेही वयाचेच का?

पाणकणीस

बरण्या देऊ नका. एका जोडीपासून शंभर-दोनशे पिल्ले होतात आणि प्रत्येक नराला स्वतंत्र घर लागते.

शेपटीबद्दल सांगायचे तर परही सावकाशच पुरे होतात. फायटर साधारण पाच महिन्यांत प्रौढ होतो, पण लांब परांच्या जातींत ते पुढे दोन-तीन महिने वाढत राहतात. हाफमून म्हणजे ज्याची शेपटी फुलल्यावर पूर्ण १८० अंशांचे अर्धवर्तुळ होते तो मासा. तीन महिन्यांच्या वयात त्यातल्या कित्येकांची शेपटी साध्या पंख्याएवढीच उघडते, कारण परातल्या अऱ्यांना अजून पुरेसे फाटे फुटलेले नसतात. एक अरी दोन होते, दोनाच्या चार होतात आणि फाट्यांबरोबर घेर वाढतो. क्राउनटेलमध्ये अऱ्या पुढे निघतात आणि मधला पडदा मागे राहतो. कंगव्याच्या दातांसारखी ती खोली वयाबरोबर स्पष्ट होत जाते. व्हेलटेलची शेपटी तर वाढेल तशी खालीच लोंबते, तो तिचा घाटच आहे.

मात्र हाफमून वर्षाचा झाला की शेपटीचे ओझे पुष्कळदा त्याला पेलवत नाही. मासा पानावर टेकून विसावा घेऊ लागतो आणि काही नर वैतागून स्वतःचीच शेपटी कुरतडतात. सकाळी दिवा लावावा तर घासभर शेपटी गायब आणि मासा निवांत! टाकीत पृष्ठभागाजवळ रुंद पानाची वनस्पती ठेवा आणि पाण्याचा प्रवाह मंद ठेवा. कुरतडलेला भाग आधी पारदर्शक उगवतो, रंग मागाहून भरतो. ती पारदर्शक कड पाहून बुरशी समजू नये. तुमचा मासा मार्बल असल्याने नवा आलेला तुकडा वेगळ्याच रंगाचा निघाला तरी नवल नाही.

निवळी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषय हाच आहे. मी मादी म्हणून आणलेला आखूड परांचा फायटर दोन महिन्यांत नर झाला. आता तो बुडबुडे काढतो आणि आरसा दाखवला की कल्ल्यांखालची दाढी फुलवतो. मासे वयाप्रमाणे लिंगही बदलतात काय?

पाणकणीस

तुमच्याकडे पहिल्यापासून नरच आला होता. प्लाकत नावाच्या जातीत नरांचेही पर आखूड असतात आणि तीन महिन्यांचा प्लाकत नर मादीसारखा दिसतो. दुकानदार पोटाखालचा पांढरा ठिपका, म्हणजे अंडी घालण्याची नळी, दाखवून मादी असल्याची खात्री देतो. परंतु कोवळ्या नरांतही तसा ठिपका पुष्कळदा दिसतो आणि वाढीबरोबर नाहीसा होतो. अंडाशय काढून टाकलेल्या काही माद्यांच्या शरीरात नराचे अवयव तयार झाल्याचे प्रयोगशाळेत पाहिले गेले आहे, हे खरे. घरच्या टाकीत मात्र दहापैकी दहा वेळा ओळखण्यात झालेली चूकच निघते.

मादी ओळखायची तर उजेडात तिच्या पोटातली पिवळसर अंडाशये पाहावीत, विशेषतः फिकट अंगाच्या माशांत ती सहज दिसतात. आणखी एक गोष्ट म्हणजे पट्टे. घाबरलेल्या मादीच्या आणि पिल्लांच्या अंगावर आडवे पट्टे उमटतात, तर अंडी भरलेल्या मादीच्या अंगावर उभे पट्टे येतात. दोन्ही तासाभरात येतात आणि जातात, म्हणून त्यांना रंग बदलला असे म्हणता येत नाही.

दर्यावर्दी

मी नोकरीनिमित्त चार वर्षे थायलंडमध्ये होतो, म्हणून या माशाच्या माहेरचे थोडे सांगतो. तिथे याला ‘प्ला कत’, म्हणजे चावरा मासा, म्हणतात आणि २०१९ साली सरकारने त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. भातखाचरांत आणि उथळ डबक्यांत सापडणारा मूळ मासा आपल्याला दुकानात दिसला तर आपण विकतही घेणार नाही. तो तपकिरी-हिरवट असतो आणि निवांत असताना तर चिखलाच्याच रंगाचा दिसतो. दुसरा नर समोर आला की मात्र परांत लाल आणि मोरपंखी रंग असा काही पेटतो की तोच मासा का, असा प्रश्न पडतो. बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव १९१० साली रेगन यांनी दिले, त्यातले ‘स्प्लेंडेन्स’, म्हणजे झळाळता, बहुधा त्या क्षणाला साजेसे आहे.

नाखोन पथोम भागातल्या एका पैदासकाराकडे मी गेलो होतो. चपट्या बाटल्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला होता. सकाळी त्यांचा मुलगा रांगेतून जाताना एकेक पुठ्ठा उचलत होता, नर एकमेकांना पाहून फुलत होते आणि थोड्या वेळाने तो पुठ्ठे परत खोचत होता. शेपटी ताणली जाऊन घेर चांगला धरतो, असे त्याचे म्हणणे होते. चार महिन्यांच्या आतला मार्बल तो प्रदर्शनासाठी निवडतच नसे. ‘अजून बोलतोय’ अशा अर्थाचे काहीतरी तो त्या माशांबद्दल म्हणत असे.

टिटवी

सगळे बदल असे कौतुकाचे नसतात, म्हणून माझा अनुभव लिहिते. माझ्याकडे ड्रॅगन प्रकारचा पांढराशुभ्र नर होता. या जातीत खवल्यांवर चांदीच्या पत्र्यासारखा जाड थर असतो. आणला तेव्हा तो फक्त अंगावर होता, डोके काळे होते. सहा महिन्यांत थर कल्ल्यांवर आला, मग गालावर आला आणि एक दिवस उजव्या डोळ्यावर साय धरल्यासारखा पांढरा ठिपका दिसला. मी मोतीबिंदू समजून पाणी बदलत राहिले, मीठ घातले, औषधही घातले. तो आजार नव्हता. तोच थर डोळ्यावर चढत होता आणि त्याला इलाज नाही. पुढे दुसराही डोळा गेला.

मासा त्यानंतर चौदा महिने जगला. मी रोज एकाच कोपऱ्यात काचेवर चमच्याने दोनदा टिचकी मारत असे. तो तिथे येऊन तोंड वर करी आणि मग मी दाणा अगदी त्याच्या ओठांसमोर सोडत असे. ड्रॅगन घेताना डोळ्यांभोवतीचा भाग नीट बघावा. तीन-चार महिन्यांच्या माशाच्या डोळ्याच्या कडेपर्यंत चमक आलेली असेल तर तो मासा कितीही देखणा असला तरी मी आता घेणार नाही.

शिंगाडा

माझा पहिला प्रतिसाद उतावीळपणाचा होता, मान्य. परंतु ‘वयाप्रमाणे बदलतो’ असे म्हणून कोणी आजाराकडे दुर्लक्ष करू नये, यासाठी माझा फसलेला अनुभव सांगतो. माझ्या काळ्या फायटरच्या अंगावर सोनेरी झाक येऊ लागली तेव्हा मला आनंदच झाला होता. वाटले की चमकीचा थर येतो आहे. तो व्हेल्वेट नावाच्या आजाराचा परजीवी होता. खोलीत अंधार करून माशावर टॉर्च धरला असता तर गंजाच्या पुडीसारखी धूळ दिसली असती, परंतु ते मला कोणी सांगितले नव्हते. शिवाय तो पर मिटून बसत होता आणि मध्येच दगडाला अंग घासत होता, तेही मी दुर्लक्षिले. वाढीने येणारी चमक खवल्याच्या आत असते आणि मासा खातो-पितो. धूळ खवल्यावर बसलेली दिसते आणि मासा मलूल असतो.

परांच्या काळ्या कडेचेही तसेच आहे. मार्बलची कड काळी झाली तरी पर तेवढाच राहतो. पर कुजत असेल तर काळी किंवा लालसर कड आत सरकते, झिजते आणि दर आठवड्याला फोटो काढला तर शेपटी आखूड होत गेलेली दिसते.

पाणकणीस

शिंगाडा आणि टिटवी, दोघांचेही प्रतिसाद महत्त्वाचे आहेत. त्यात पाण्याची भर घालतो. पेल्यातून आणलेला मासा चांगल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत गडद होतो, तो बदल वाढीचा नसून ताण उतरल्याचा असतो. उलट पुण्यात डिसेंबरमध्ये टाकीचे पाणी विशीच्या आसपास उतरते, तेव्हा मासा फिका पडून तळाशी बसतो. हीटर लावून पाणी २६ अंशांवर आणले की रंग परततो. देशी बदामाचे वाळून गळलेले पान टाकीत घातले तर पाणी चहासारखे होते आणि त्यात रंग खुललेले दिसतात. सोसायटीतल्या झाडाखालची पाने चालतात, फक्त झाडावर औषध फवारलेले नसावे. लाल-पिवळ्या रंगाला खाण्यातल्या कॅरोटीनचाही हातभार लागतो. निळ्याला मात्र कोणतेही खाणे उपयोगी पडत नाही. डब्यावर काहीही छापलेले असो.

राहिले म्हातारपण. फायटर सहसा दोन ते चार वर्षे जगतो आणि दुकानातला लांब परांचा नर विकला जातानाच पाच-सहा महिन्यांचा असतो, हे लक्षात ठेवावे. दोन वर्षांनंतर रंग विटतो, तोंडाभोवती राखाडी छटा येते, पाठीला किंचित बाक येतो आणि परांच्या कडा झिरमिळ्या होतात. अशा माशाला औषधांनी बेजार करू नये. पाण्याची उंची कमी करावी, म्हणजे हवेसाठी वर येताना त्याला दम लागत नाही.

केतकीबन

काल रात्री सगळ्यांचे प्रतिसाद वाचून झाल्यावर घरातले दिवे मालवले आणि टॉर्च धरून मासा पाहिला. धूळ नाही. डोळे स्वच्छ आहेत. दसऱ्याचा, संक्रांतीचा आणि कालचा असे तीन फोटो शेजारी ठेवले तेव्हा मुलालाही पटले, कारण उजव्या कल्ल्याच्या झाकणावर एक चंद्रकोरीसारखी खूण तिन्ही फोटोंत जशीच्या तशी आहे आणि इतक्या दिवसांत ती माझ्या ध्यानातच आली नव्हती.

सासूबाई टॉर्च घेऊन अजून पाहत होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि शेपटीच्या मुळाशी बोट दाखवले. निळ्यात सुईच्या टोकाएवढे काहीतरी नारिंगी आहे. आज सकाळी पुन्हा पाहिले, ते आहेच. पुढच्या रविवारी फोटो टाकते.